निळी वायर

जुनं मायक्रोप्रोसेसर किट हातात आलं की मी ते आधी पालथं घालतो. वरच्या बाजूला कंपनीने काय केलं ते दिसतं, खालच्या बाजूला नंतरच्या माणसांनी काय केलं ते. सोल्डरचे थेंब एका मापाचे, एका ओळीत असतील तर कारखान्यातून निघाल्यापासून त्या बोर्डाला कुणी हात लावलेला नाही. मधेच एखादा थेंब फुगलेला, फ्लक्सच्या तपकिरी डागात बसलेला आणि तिथून निघालेली, कंपनीच्या नकाशात नसलेली बारीक वायर दिसली, की मी चहा सांगतो आणि खुर्ची ओढून बसतो.

माझं दुकान बेळगावच्या उद्यमबागेत. फाउंड्रीवाल्यांच्या फर्नेसची कंट्रोल कार्डं, सीएनसीचे ड्राइव्ह, वजनकाटे असला माल दिवसभर टेबलावर, पोट त्यावर. किटांचा नाद वेगळा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पॉलिटेक्निकं आणि इंजिनिअरिंग कॉलेजं बरीच. अभ्यासक्रम बदलला की लॅबमधलं सामान आधी कपाटात जातं, मग कपाटावर, मग राइट-ऑफचा शिक्का बसून भंगारात. भंगारवाल्याला त्यातलं सिरॅमिक आणि सोन्याचं पाणी दिलेल्या पिना तेवढ्या कळतात, बाकी सगळं किलोवर. माझ्या ओळखीचा एक जण मात्र आता फोडण्याआधी फोन करतो. “बटनाची बोर्डं आल्यात. घेतासा काय, का फोडू?”

ज्यांनी हे प्रकरण बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फुलस्केप कागदाएवढं बोर्ड. त्यावर सेव्हन-सेगमेंटचे सहा लाल आकडे: डावीकडचे चार मेमरीतला पत्ता दाखवणारे, उजवीकडचे दोन त्या पत्त्यावर काय ठेवलंय ते. खाली शून्य ते नऊ आणि ए ते एफ अशी सोळा बटणं, शेजारी रिसेट, नेक्स्ट, गो असली हुकमाची बटणं. पडदा नाही, माउस नाही, डिस्क नाही. प्रोग्राम कागदावर लिहायचा, प्रत्येक सूचनेचा आकडा तक्त्यात शोधायचा आणि एकेक बाइट बोटाने मेमरीत घालायचा.

या किटांचं मूळ घराणं एकच. इंटेलचा १९७४चा ८०८० हा प्रोसेसर चालवायला अधिक पाच, उणे पाच आणि अधिक बारा असे तीन व्होल्टेज लागायचे, शिवाय क्लॉकची चिप वेगळी आणि सिस्टिम कंट्रोलरची वेगळी. १९७६च्या ८०८५ने हा संसार एका पाच व्होल्टवर आणि एका चिपेत आणला. साडेसहा हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टर, बस्स. त्याच्या मागोमाग इंटेलचं एसडीके-८५ नावाचं किट निघालं: सहा आकडे, चोवीस बटणं, दोन केबीचा मॉनिटर (म्हणजे बटणं आणि आकडे सांभाळणारा, किटात कायमचा भरलेला प्रोग्राम) आणि वापरणाऱ्यासाठी मुळात २५६ बाइट मेमरी. पुढे बंगळूरची ईएसए, मुंबईची डायनालॉग, दिल्लीची विनायटिक्स, चेन्नईची व्ही-आय मायक्रोसिस्टिम्स अशा आपल्या कंपन्यांनी आपापली किटं काढली.

त्यांना ‘कॉपी’ म्हणून नाक मुरडणारे भेटतात. मला ते पटत नाही. इंटेलचं किट मुळात डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरसाठी होतं. घरी नेऊन स्वतः सोल्डर करायचं. आपल्याकडचं किट दरवर्षी नव्या बॅचच्या तावडीत सापडणार होतं. म्हणून मेमरी ऐसपैस, ८२५५ या चिपेचे चोवीस तारांचे पोर्ट चपट्या केबलच्या एफआरसी कनेक्टरवर सरळ बाहेर काढलेले, आणि त्यांना जोडायला स्टेपर मोटर, ट्रॅफिक सिग्नल, लिफ्ट अशी वेगळी कार्डं. शिकवायचं यंत्र म्हणून मला आपली किटं इंटेलच्यापेक्षा उजवी वाटतात. आणि चिप म्हणाल तर १९९७ साली मंगळावर उतरलेल्या सोजर्नर या गाडीत याच कुळातला ८०सी८५ होता, दोन मेगाहर्ट्झवर चाललेला. लॅबमधलं किट त्याहून जोरात पळायचं.

आता ओळखण्याबद्दल. चिपेवरची अक्षरं पुसली असली तरी चाळीस पायांच्या प्रोसेसरची जात पायांवरून कळते. क्रिस्टल पिन १ आणि २ला, ग्राउंड २०ला, पाच व्होल्ट ४०ला, तर तो ८०८५. क्रिस्टल १८ आणि १९ला असेल तर ८०५१चं कूळ. पाच व्होल्ट ११ला आणि ग्राउंड २९ला सापडलं तर झेड-८०. पिन १ आणि २० दोन्ही ग्राउंडला आणि क्रिस्टल शेजारच्या वेगळ्याच चिपेला, तर ८०८६. मल्टिमीटरची बीप ऐकत दोन मिनिटांत निकाल लागतो, बोर्डाला करंटसुद्धा द्यावा लागत नाही.

८०८५च्या अंगाला चिकटून ७४एलएस३७३ ही वीस पायांची चिप जवळजवळ हमखास असते. ८०८५च्या त्याच आठ पिनांवरून आधी पत्त्याचा खालचा अर्धा भाग येतो आणि लगेच डेटा. एएलई नावाची तार क्षणभर वर जाते तेवढ्यात ३७३ तो पत्ता पकडून धरतो, आणि मग तारा डेटाला मोकळ्या होतात. क्रिस्टलवर बहुधा ६.१४४ लिहिलेलं असतं. हा असा विचित्र आकडा का, हे शिकताना कुणी सांगितलं नव्हतं. प्रोसेसर तो आत निम्मा करतो, ३.०७२ मेगाहर्ट्झ, त्याला १६०ने भागलं की बरोबर १९,२००. सिरीयल पोर्टचे बॉड रेट, म्हणजे माहिती पाठवायचे ठरलेले वेग, या आकड्यातून अपूर्णांक न उरता निघतात.

मग वय. चिपेवरच्या चार अंकांत पहिले दोन वर्ष, पुढचे दोन आठवडा. ८७४१ म्हणजे १९८७चा एक्केचाळिसावा आठवडा, ऑक्टोबर. इंटेलच्या चिपेवर कॉपीराइटच्या खुणेपुढे जे साल असतं ते आराखड्याचं, त्या चिपेच्या जन्माचं नव्हे. सत्त्याऐंशीच्या चिपेला शहात्तरची समजून विकणारे बहाद्दर मला ठाऊक आहेत. दुसरं पथ्य असं की सॉकेटातल्या चिपांवर विश्वास ठेवायचा नाही. त्या कुणीही, कधीही बदलू शकतो. बोर्डाचं वय सांगतात सोल्डर केलेल्या चिपा. त्यांच्यातली सगळ्यात तरुण चिप शोधायची. बोर्ड तिच्याआधीचं असूच शकत नाही. आणि सॉकेटातली एखादी त्याहून तीन-चार वर्षांनी लहान निघाली, तर तिथे काहीतरी घडलेलं आहे.

मागे एका कॉलेजच्या राइट-ऑफमधून जी खेप आली, तिच्यातल्या एका बोर्डावर असंच झालं. सोल्डर केलेल्या चिपांत सगळ्यात तरुण ८७४१. प्रोसेसर एनईसीचा, डी८०८५एसी. मेमरीच्या सॉकेटात मात्र हिताचीची एचएम६११६, आणि तिच्यावर ९०१४. कंपनीचं नाव असायच्या जागी पांढऱ्या ऑइलपेंटात ब्रशने रंगवलेला स्टॉक नंबर. बारीक ब्रश नसावा. सातचा आकडा क्रिस्टलवर चढलाय.

पुण्यातल्या एका संग्राहकाला फोटो पाठवले. त्याचं उत्तर तासाभरात आलं: थिनरने पेंट काढा, नाव बघा, बॉक्स असेल तर किंमत वेगळी. पेंट मी काढला नाही. नाव कशाला हवं होतं? बटणांची मांडणी आणि मेमरीचे पत्ते बघून बंगळूरकडची बनावट असावी असा अंदाज येतोच. वापरायची मेमरी कुठून सुरू होते यावरून घराणं बरंचसं उघड होतं: एसडीके-८५ असेल तर २०००, चेन्नईच्या किटावर शिकलेल्यांच्या जर्नलात ४१००, आणि आमच्या जर्नलांत पानोपानी ८०००. शिवाय तो पेंट हाही बोर्डाचा भागच की. कंपनीने एकसारखी शेकडो केली असतील. सात नंबरचं एकच.

पालथं घातल्यावर मेमरीच्या सॉकेटाखाली निळी वायर दिसली. सेंटिमीटरभर. पिन २७वरून निघून पिन २३वर. आणि पिन २३कडे येणारा तांब्याचा ट्रॅक ब्लेडने कापलेला, दोन समांतर चिरा देऊन मधला तुकडा उचकटून काढलेला. कापणाऱ्याचा हात स्थिर होता. शेजारच्या ट्रॅकला ओरखडासुद्धा नाही.

वरून बघितलं तर सॉकेट अठ्ठावीस पायांचं आणि चिप चोवीस पायांची. खालच्या टोकाला सारून बसवलेली, वरची चार भोकं रिकामी. मूळ जागा ६२६४ची, म्हणजे आठ केबीची. ती गेली असणार आणि दुसरी मिळाली नसणार. मिळाली ती ६११६, दोन केबीची. या दोन चिपांचे पाय खालून मोजत आलं तर जवळजवळ सगळे जुळतात. पत्त्याचे, डेटाचे, ग्राउंडचे, सगळे जागच्या जागी. अडतं ते राइटच्या, म्हणजे ‘आता लिहून घे’ सांगणाऱ्या पिनेला. ६२६४ची राइट २७वर असते, जिथे ६११६ला पायच नाही. ६११६ची राइट येते सॉकेटाच्या २३वर, जिथे बोर्डाने पत्त्याची ए-११ तार आणून ठेवली आहे. म्हणून ए-११ कापायची आणि २७वरची राइट २३वर आणायची. एक काप, एक वायर, दोन थेंब. सांगायला हे चार ओळींत होतं. पण दोन डेटाशीट शेजारी ठेवून, कागदावर पाय मोजून, शेवटी कॉलेजच्या मालकीच्या बोर्डावर ब्लेड चालवायला छाती लागते.

चोवीस पायांच्या चिपेला करंट मिळतो तिच्या शेवटच्या पायातून, आणि तो पाय सॉकेटाच्या २६वर पडतो. ६२६४साठी २६ ही चिप-सिलेक्टची, म्हणजे चिपेला जागं करणारी, दुसरी पिन. या बोर्डावर ती सरळ मेन पाच व्होल्टला बांधलेली. म्हणजे ६११६ला करंट आयता मिळाला. खरी मजा पुढे आहे. मूळ आराखड्यात पिन २८ला ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी होती, लाइट गेली तरी मेमरी शाबूत राहावी म्हणून. नव्या चिपेला २८ पिनच नाही. बॅटरी बिनकामाची झाली, आणि त्या माणसाने ती काढून टाकली. भोकं स्वच्छ, सोल्डर शोषून घेतलेलं.

ही बॅटरी असल्या बोर्डांचा काळ आहे. वर्षानुवर्षं पडून राहिली की फुटते, आतलं अल्कली झिरपतं, ट्रॅक हिरवे होतात, मग काळे, मग नाहीसे. त्याच खेपेतल्या बाकीच्या बोर्डांची तीच गत होती. व्हिनेगरने धुतली, आयसोप्रोपिलने पुसली, काही ट्रॅक वायरी टाकून जोडले, दोन तर स्पेअरसाठीच ठेवली. सात नंबरचं तेवढं धडधाकट. मेमरीची चिप मिळाली नाही म्हणून ब्लेड लावलेलं बोर्ड शाबूत राहिलं, आणि ज्यांना कुणी हात लावला नाही ती सडली. त्या संग्राहकाला हे सांगितलं, तर म्हणाला, “मग आता ६२६४ मिळते की, ओरिजिनल करून टाका.” मी विषय बदलला.

असलं बोर्ड थेट करंटला लावायचं नसतं. आधी मॉनिटरची ईप्रॉम (करंट गेला तरी लिहिलेलं न विसरणारी मेमरीची चिप) काढून प्रोग्रॅमरवर वाचून घ्यायची आणि ती फाइल दोन ठिकाणी ठेवायची. काचेच्या खिडकीवरचं लेबल निघालं असेल तर उजेडाने हळूहळू पुसली जाते, आणि मॉनिटर गेला की किट म्हणजे नुसती पाटी. मग बेंच सप्लायवर पाच व्होल्ट, करंटची मर्यादा एका अँपिअरच्या आत. स्कोपचं टोक पिन ३७ला: तिथे ३.०७२ दिसलं की काळीज धडधडतंय समजा. नंतर पिन ३०, एएलई. ती नाचत असेल तर प्रोसेसर खरोखर काहीतरी वाचतोय. नाचत नसेल तर रेडीची पिन ३५ आणि होल्डची ३९ बघा. यातली एखादी अडकली की प्रोसेसर वाट बघत बसतो आणि आपण विनाकारण चिपा बदलत राहतो.

सात नंबरचं पहिल्या झटक्यात उठलं. बटणं मात्र कुरकुरली. ए आणि ५ दाबून धरल्याशिवाय ऐकत नव्हती. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा टकटक केलं, सुधारली.

८०००वर ५५ भरलं आणि ८८०० उघडलं. तिथेही ५५. ९०००वर ५५, ९८००वर ५५. दोन केबीची चिप आठ केबीच्या जागेत बसवली, वरच्या दोन पत्ता-तारा तिच्यापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून तीच दोन केबी चारदा दिसते. मागची बाजू न बघता बदल ओळखायचा असेल तर ही युक्ती वापरा. मॉनिटर आपला स्टॅक, म्हणजे तात्पुरत्या नोंदींची चळत, आठ केबीच्या शेवटाला ठेवतो. तो पत्ता प्रत्यक्षात दोन केबीच्या शेवटाला पडतो आणि सगळं सुरळीत चालतं. पोरांचा प्रोग्राम पन्नास-साठ बाइटांचा. कुणाला कधी पत्ता लागला नसेल.

पाच अधिक सात घालून बघितलं, सवय म्हणून. ३ई ०५, ०६ ०७, ८०, ३२ ०० ८१, ७६. पत्त्याचे दोन बाइट उलटे, खालचा आधी. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक पोराची इथे एकदा तरी चूक होते. गो दाबलं, रिसेट केलं, ८१०० उघडलं: ०सी. बरोबरच आहे, हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या मोजणीत, बारा म्हणजे सी. मग ८०च्या पुढे एक २७ घुसवला, डीएए, म्हणजे उत्तर दशमानात आणणारी सूचना. आता १२ आलं. आमच्या लॅबमध्ये या एका बाइटावर अख्खी प्रॅक्टिकल जायची. जोडीतला एक वहीतून आकडे ओरडणार, दुसरा बटणं दाबणार. माझा जोडीदार हुक्केरीचा, घरी कन्नड; मी बेळगावातल्या शहापूरचा. ‘थ्री-ई, झिरो-फाइव्ह’ला दोघांचीही हरकत नसायची. उत्तर चुकलं की इन्स्ट्रक्टर मागून यायचे, डिस्प्लेकडे बघायचेसुद्धा नाहीत. “इन्नोम्मे माडु,” म्हणायचे आणि पुढच्या टेबलाकडे जायचे. पुन्हा कर. कारण शोधून द्यायची त्यांची पद्धत नव्हती. व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, १९९८ साली बेळगावात आलं. त्याआधी इथली इंजिनिअरिंग कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती, आणि दोन्हींकडे परीक्षक असेच फक्त ‘रिझल्ट’ म्हणून हात पुढे करणारे.

बोर्डावर ईप्रॉमचं आणखी एक सॉकेट होतं, २०००च्या पत्त्यावर. ही सॉकेटं बहुतेक किटांत रिकामीच दिसतात. याच्यात एक २७६४ होती, आणि तिच्या खिडकीवर विडीच्या बंडलाचं लेबल कापून चिकटवलेलं. निपाणीचा भाग म्हटल्यावर विडीच्या लेबलाला काय तोटा. त्यावर बॉलपेनने लिहिलेलं: ‘गणपती’.

वाचून घेतली. आठ केबीत सगळीकडे एफएफ, म्हणजे कोरी. सुरुवातीचे मूठभर बाइट तेवढे लिहिलेले. कागदावर उतरवून एकेक सोडवत गेलो. ३१ एफएफ ८७. ३ई ८०, डी३ ४३: ८२५५चे सगळे पोर्ट आउटपुट. ३ई ०१, डी३ ४०: पहिली तार चालू. मग डिलेला, म्हणजे थोडं थांबवणाऱ्या तुकड्याला, कॉल, मग ०७, म्हणजे आकडा एक घर डावीकडे फिरवायचा, आणि परत पोर्टावर. ०१, ०२, ०४, ०८, १०, २०, ४०, ८० आणि पुन्हा ०१. पळते दिवे. आठ चॅनेल. कॉलेजचं किट कुठल्या तरी गल्लीच्या मंडपात जाऊन आलं होतं. कॉलेज कोणतं ते मला माहीत आहे, इथे लिहीत नाही. स्टॉक रजिस्टरात त्या अकरा दिवसांची नोंद असायची शक्यता कमी.

मी मात्र अडकलो पहिल्याच तीन बाइटांवर. ३१ एफएफ ८७ म्हणजे स्टॅक ८७एफएफवर ठेव. आठ केबी मेमरी आहे असं समजणारा माणूस स्टॅक ९एफएफएफच्या आसपास ठेवेल. ८७एफएफ हा शेवट फक्त दोन केबीच्या चिपेचा. दिव्यांचा प्रोग्राम लिहिणाऱ्याला निळी वायर माहीत होती. ब्लेड धरणारा हात आणि हा प्रोग्राम एकाचाच, निदान एकाच टेबलावरचा. नाव मी शोधलेलं नाही. शोधलं तर बहुधा सापडेल.

डिलेसुद्धा बघण्यासारखा. आत शिरताच एफ५, म्हणजे फिरवायचा आकडा स्टॅकवर सुरक्षित. घाईत लिहिणारे हे विसरतात आणि मग दिवे वेडेवाकडे पेटतात. त्यानंतर ११ एफएफ एफएफ, म्हणजे किती फेरे मोजायचे तो आकडा. एक फेरा चोवीस टी-स्टेटचा, म्हणजे क्लॉकच्या चोवीस ठोक्यांचा, ६५,५३५ फेरे, ३.०७२ मेगाहर्ट्झला ०.५१ सेकंद. अर्धा सेकंद हा तारेच्या बल्बचा हिशोब आहे. बल्ब तापायला आणि विझायला वेळ घेतो, त्याहून फार जोरात पळवलं तर सगळेच लालसर पेटून राहतात.

आमच्या गल्लीतल्या मंडळाची दोन पोरं मोबाइलच्या चार्जरसाठी दुकानात आली होती. टेबलावर आठ एलईडी पळत होते, किटाच्या डिस्प्लेवर नुसता एक लाल ई.

“काका, हे काय?”

“गणपतीचे लाइट.”

“लई स्लो हाय की हो. ॲपवरनं स्पीड वाढतंय काय?”

ॲप नाही, पण प्रश्न बरोबर होता. एलईडीला अर्धा सेकंद म्हणजे पेंगणंच. एफएफ एफएफच्या जागी एफएफ ३एफ केलं की वेग चौपट. नेहमी ईप्रॉम बदलायची म्हणजे खिडकी उघडून वीसेक मिनिटं अल्ट्राव्हायोलेटखाली ठेवायची, अख्खी पुसायची आणि नव्याने भरायची. इथे गरज नव्हती. ईप्रॉमच्या कोऱ्या बाइटात सगळे एक असतात, आणि प्रोग्रॅमर एकाचं शून्य करू शकतो, शून्याचं एक करू शकत नाही. डिलेचे दोन्ही बाइट एफएफ, म्हणजे लिहिलेले असूनही कोरेच. त्यांना हवं तेव्हा, हवं तेवढं खाली आणता येतं, न पुसता. त्या माणसाने हे ओळखून ठेवलं होतं, की सगळ्यात मोठा आकडा म्हणून सहज एफएफ एफएफ घातलं होतं, हे त्यालाच विचारावं लागेल.

मूळ फाइल ठेवलेली होतीच. प्रोग्रॅमरवर २७६४ निवडली, साधी, २१ व्होल्टची. २७६४ए वेगळी, तिला साडेबारा लागतात आणि एकवीस दिले तर ती जागेवर मरते. एक बाइट लिहिला. विडीचं लेबल काढावं लागलं नाही. चिप सॉकेटात, गो, २०००.

पोरांनी थोडा वेळ बघितलं.

“आता बरं झालं. उलटं पण पळवतंय काय?”

पळवतं की. ०७च्या जागी ०एफ. पण त्यात शून्य झालेला एक बिट परत एक करावा लागतो. त्यासाठी मात्र लेबल काढणं आलं. म्हटलं, रॅममध्ये घालून दाखवतो, बसा.